ङ

पाम बीच रोडच्या सिग्नलला शाळेचा फ्लेक्स होता.
एक गोरी बाई, हातात पृथ्वीचा गोल,
खाली ठळक : परदेशी शिक्षक.
जूनमध्ये आली ती अकिन्यी ओडेरो,
किसुमूहून, भूगोल शिकवायला.
पालक तिच्या खांद्यामागे बघत राहिले,
गाडीतून अजून कुणी उतरतंय का.

मी मराठीची. तिसरी भाषा,
आठवड्याला दोन तास, जिन्याखालचा वर्ग,
बॅडमिंटनच्या जाळ्यांशेजारी.
मला म्हणाले, जयमाला टीचर, हिला घर बघून द्या,
तुम्हाला इथली माणसं माहीत आहेत.

माहीत आहेत.
नेरूळला दलाल फोनवर म्हणायचा, फॉरेनर, टीचर, एकटी,
तोवर भाडं ठरलेलं, चावी खुंटीवरून निघालेली.
दार उघडलं की मालकीणबाईंना आठवायचं,
पुतण्या येणार आहे नागपूरहून.
असे सात पुतणे झाले.
सातव्या जिन्यावर ती म्हणाली,
'मोठं असतं गं तुमच्या लोकांचं कुटुंब.'
मी खळखळून हसले.
मग तीन मजले उतरेपर्यंत
'तुमच्या लोकांचं' पायांत येत राहिलं.

शेवटी मिळालं दिवाळे गावात,
भानुमती नाखव्याच्या घरावरचा मजला.
तिनं एकच विचारलं : म्हावरं खाते का?
आणि पाटीवरचं फडकं काढलं.
'चिलापी,' जरा ओशाळून. तळ्यातली, हलकी मासळी ती.
'तिलापिया,' अकिन्यी म्हणाली,
आणि तिथंच उकिडवी बसली.
खवल्यांचा हात डोळ्याला लावू नको,
भानुमतीनं सांगितलं, मराठीत.
तिला कळलं.

मुलं विचारायची, मिस,
फ्लेमिंगो तुमच्याकडूनच येतात ना?
'ते कच्छकडून येतात,' ती म्हणायची,
'मी विमानानं.'

पगार तिला माझ्या चौपट.
स्कॉटलंडच्या केविनला तिच्या दुप्पट.
हे अकाउंट्सच्या सुर्व्यांनी सांगितलं, चहा ढवळत,
मी विचारलं नसताना.

डिसेंबरात पेपरांचा गठ्ठा घेऊन
ती माझ्या जिन्याखाली आली.
भिंतीवर वर्णमालेचा तक्ता,
महापालिकेच्या शाळेतून मी सोबत आणलेला.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा,
आणि पुढचा चौकोन कोरा.
'इथलं चित्र पडलं का?'
नाही गं, ह्या अक्षरानं आमचा शब्दच सुरू होत नाही.
वाङ्मयात सापडतो, मधेच, पाय मोडलेला.
मुलांना सांगते, नुसतं म्हणा आणि पुढे चला.
'म्हणून दाखव.'
म्हटलं. 'अंग' मधला ग गिळून,
सव्वीस वर्षं म्हणत आले तसं.
तिनं लाल पेन खाली ठेवलं.
'आमचे सुरू होतात ह्यानं,' म्हणाली. 'ङातो.'
म्हणजे?
'कुणीतरी. एखादं माणूस.
दाराशी आलेलं, अजून नाव न सांगितलेलं.'

मला पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही.
माझ्याच वर्णमालेतलं अक्षर,
आणि ती माझ्या ओठांकडे बघत होती
जशी मी बघते 'ळ' पाशी अडलेल्या पोरांकडे.
चौथ्यांदा तिनं मान डोलावली,
पैकीच्या पैकी नव्हे, पास करण्यापुरती.

कोऱ्या चौकोनात मी एक माणूस काढला.
पेन्सिलीनं. पेनानं काढायचं धाडस झालं नाही.

मार्चमध्ये सिग्नलचा फ्लेक्स बदलला.
आता केविन आहे. गोल तोच.

जूनमध्ये भानुमतीनं भाडं वाढवलं, पाचशे रुपये.
खालच्या ओरिया जोडप्याचं वाढवलं तेवढंच,
मागच्या खोलीतल्या कंपाउंडरचं तेवढंच.
अकिन्यी ती चिठ्ठी घेऊन आली,
मधल्या सुट्टीत, जिन्याखाली वाकून,
कुणाचं लग्न ठरल्यासारखी.